चौथ्या दिवसाचा रिवाज

सरका जरा जवळ, मंडळी. अलाबामातल्या एका बंदूकवाल्याची गोष्ट सांगतो. घासाएवढीच आहे, पण गिळायला जड.

हॉलिस टार्व्हरने फोन ठेवला. गिऱ्हाइकाची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीतून आजही तेच उत्तर आलं होतं: अजून काही सांगता येत नाही. कामाचे तीन दिवस उलटले होते. कायद्याने आता गोष्ट त्याच्यावर सोडली होती. द्यायची तर दे, नको तर नको, तुझं तू बघ.

हॉलिसने यावर कधी डोकं शिणवलं नव्हतं. सरकार नाही म्हणालं तर नाही. गप्प बसलं, तर चौथ्या दिवशी बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती. दुकानाचा रिवाजच होता तो. आणि माणूस मनाचा कोता नव्हता. रविवारी पाद्रीबुवा प्रवचन सांगता सांगता गाऊ लागले, ऑर्गन त्यांच्या शब्दाशब्दाला उत्तर देऊ लागला, की पहिलं ‘आमेन’ याचंच.

त्याने बारा बोअरची बंदूक मांडणीवरून काढली, उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि काउंटरवर ठेवली.

“घे, गुलेद. झाली तुझी.”

गुलेद फराह कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून रबरी बुटांसकट आला होता. गावातल्या सोमाली लोकांनी टायरचं जुनं दुकान भाड्याने घेऊन त्याची मशीद केली होती. मागच्या शुक्रवारी नमाज चालू असताना शटरमधून गोळी आत आली. पंख्याचं पातं मोडलं, त्यावर निभावलं.

“मलाही चौथ्या दिवशीच मिळाली होती,” कॉफीच्या किटलीपाशी बसलेला फेरेल म्हणाला. तो रोजच तिथे बसे. “माझ्या नावाचा कुणी भामटा टेक्सासात आहे म्हणे, त्याच्यापायी चौकशी अडली. आमची ही म्हणाली, तो तरी कमावता असेल.”

गुलेद हसला. “मला तर सवयच आहे, फेरेलभाऊ. विमानतळावर दर खेपेला बाजूला घेतात. बायको-मुलं पुढे, मी मागे. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही नेमकं काय लपवता?”

हॉलिसचा हात बंदुकीवर होता. तो तिथेच राहिला.

“दर खेपेला?”

“दर खेपेला. कारण कुणी सांगत नाही.” एवढं बोलून गुलेदने त्या हाताकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. “हॉलिसकाका, चौथ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना देता.”

“देतो.”

“फेरेलभाऊंबद्दल सरकार काय म्हणालं होतं?”

“काही नाही.”

“आणि माझ्याबद्दल?”

“काही नाही.”

फेरेल कपात बघत राहिला.

“या फेरेलला तो शेंबडा होता तेव्हापासून मी ओळखतो,” हॉलिस म्हणाला. “तू भला असशील. आहेसच, असं माझं मन म्हणतं. पण उद्या कुठे चार माणसं मेली, तर बंदुकीवरच्या नंबराचा माग काढत लोक इथेच येतील. त्या मेलेल्यांच्या आयांना मी काय सांगू? सरकार गप्प होतं म्हणून दिली?”

“आणि शुक्रवारी आमची चार मेली, तर आमच्या आयांना काय सांगाल?”

हॉलिसने बंदूक उचलली आणि परत मांडणीवर ठेवली. “शेरीफच्या कानावर घाल.”

“घातलं. येऊन गेले. भोकात बोट घालून बघितलं, म्हणाले, पोरांचा चाळा असेल.”

गुलेद रागावला नाही. गेलाही नाही. “मग एवढं तरी सांगा. बंदुकीतलं तुम्हाला कळतं. शटरमधून गोळी येणार असेल, तर माणसांनी उभं कुठे राहायचं?”

काहीतरी देता येतंय म्हटल्यावर हॉलिसचा जीव भांड्यात पडला. तो पुढे वाकला, काउंटरच्या काचेवर बोटाने मशिदीची खोली आखू लागला. “शटरच्या समोर अजिबात नाही. विटांच्या भिंतीला धरून राहा. आणि तोंड शटरकडे असू दे, म्हणजे येणारा दिसेल.”

“नमाज पढताना तोंड इकडे करावं लागतं.” गुलेदने काचेवर उलट्या बाजूला बोट ठेवलं. “शटर पाठीशी येतं.”

“मग आम्ही करतो तसं करा. आमच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असली की आमच्यातले दोघे जण दाराशी उभे असतात, कोटाच्या आत...” हॉलिसचं वाक्य तिथेच अडलं. कोटाच्या आत जे असे, ते याच काउंटरवरून गेलेलं होतं.

“आम्हीही एकाला उभं केलंय,” गुलेद म्हणाला. “माझे वडील. ते म्हणाले, माझं वय झालं, माझी नमाज मी घरी पढेन. सगळे वाकले की ते शटरकडे तोंड करून उभे राहतात.”

“हातात काय असतं?”

“शिट्टी.”

मग तो गेला. फेरेलने कॉफी तशीच ठेवली आणि त्याच्यामागून तोही गेला.

मंडळी, तुमचा देव कोणताही असो. त्याच्यापुढे कपाळ टेकवाल, तेव्हा त्या म्हाताऱ्या फराहची आठवण असू द्या. सगळ्यांची कपाळं जिकडे टेकतात तिकडे पाठ करून तो उभा आहे, ओठांत शिट्टी धरून.