उताराखालून

बीजींनी लोखंडी खुर्ची ओढत आणली, आपल्या फाटकासमोरच्या सिमेंटच्या उतारावर मांडली आणि बसून घेतलं. रामफल प्लंबरने उगारलेली कुदळ हळूच खाली आणली.

“यहाँ नहीं खुदेगा,” बीजी म्हणाल्या.

पद्मजा हातात कागद घेऊन उभी होती. नळाच्या जोडणीसाठी खोदायची परवानगी. बीजींच्या शेजारच्या प्लॉटवर तिचं आणि विश्वनाथचं घर उभं राहिलं होतं. वायरिंग झालं, रंग झाला, पाणी तेवढं नव्हतं. फरीदाबादच्या या नव्या सेक्टरात पाण्याची मोठी लाइन बीजींच्या घराच्या पलीकडल्या कोपऱ्यावर येऊन संपत होती. तिथून पाइप आणायचा तर तो बीजींच्या दारावरूनच येणार. डांबरी रस्ता फोडायची परवानगी नव्हती. आणि जी होती, ती आजच्या तारखेपुरती.

“सहा महिने, पद्मजा,” विश्वनाथ मराठीतच, पण बीजींना सूर कळावा इतक्या मोठ्याने म्हणाला. “सहा महिने मी त्या पाणीखात्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात. फाटकाबाहेरची जागा सरकारी आहे. त्यांना उठव, नाहीतर मी इंजिनियरला घेऊन येतो. मग पोलीसही येतील.”

“अहो, थांबा जरा.”

ती बीजींजवळ गेली. वर्षभर बांधकाम चाललं होतं, पण दोघींचं बोलणं नमस्तेच्या पुढे कधी गेलं नव्हतं. बाई पंजाबी, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. एवढंच तिला ठाऊक.

“बीजी, दो दिन में फिर से पक्का करवा देंगे. नया सीमेंट. बिल्कुल ऐसा ही.”

“ऐसा नहीं बनेगा.”

बीजी उठल्या आणि त्यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली. गल्लीभर रेती उडत होती, पण त्या उतारावर काडीही नव्हती. सिमेंटमध्ये दोन उथळ चाकोऱ्या उमटल्या होत्या. फाटकापासून हातभर सरळ, मग एकदम डावीकडे वळलेल्या.

“उनकी कुर्सी के लिए बनवाया था, पहियों वाली. मिस्त्री ने कहा, साहब, तीन दिन रुको. ये दूसरे ही दिन निकल पड़े. अख़बार लाने. मैं पीछे से चिल्लाती रह गई.” बीजींनी पदराने तोंड टिपलं. “ज़िंदगी में किसी की नहीं सुनी उस आदमी ने.”

“कब गए?”

“दो साल हो गए, बैसाख में.”

पद्मजाने विश्वनाथला हाक मारली. तो तणतणतच आला. “त्यांच्या यजमानांच्या खुर्चीच्या चाकोऱ्या. ते आता नाहीत,” तिने बोट दाखवून सांगितलं. विश्वनाथने वाकून त्या बघितल्या. मग उकिडवा बसला आणि उताराच्या कडेची जाडी त्याने वितीने मोजली. नव्या परदेशी मोटारींच्या सुट्या भागांचे साचे करणाऱ्या टूलरूममध्ये त्याची नोकरी होती. जिन्नस समोर दिसला की हात आधी मोजायला जायचा.

“रामफल, नीचे से निकाल लें तो?”

“साहब, पाँच फुट है. पाइप टेढ़ा चला गया तो सारी मेहनत मिट्टी में.”

“तुम ठोको. सीधा रखना मेरा काम.”

दोन्ही बाजूंना खड्डे खणले गेले. विश्वनाथ शर्ट काढून बनियनवर खड्ड्यात उतरला. पाइपच्या टोकाला लाकडाचा ठोकळा धरून रामफल घण घालू लागला. दर चार ठोक्यांनी विश्वनाथ त्याला थांबवी, एक डोळा मिटून पाइपची रेघ बघे, केसभर इकडे, केसभर तिकडे करी. दीड हात गेल्यावर पाइप अडला. खालची माती दगड झाली होती.

“पानी छोड़ना पड़ेगा,” रामफल म्हणाला.

टँकरचं पाणी परवाच संपलं होतं. पद्मजा रिकाम्या पिंपाकडे बघत उभी राहिली. बीजी आत गेल्या. आपल्या टाकीच्या नळाला रबरी नळी लावून तिचं टोक त्यांनी खड्ड्यात आणून सोडलं. मग त्या उतारावर खाली बसल्या आणि त्यांनी चाकोऱ्यांवर तळवा टेकला. घण पडला की सिमेंटचा हादरा तळव्याला लागे. “धीरे,” त्या म्हणत. “धीरे, पुत्तर.”

तीन वाजता पाइपचं टोक पलीकडच्या खड्ड्यात निघालं. हवं होतं त्याहून वीतभर खाली, पण निघालं. उताराला केसाएवढाही तडा गेला नव्हता.

रामफलने लाइन जोडली. संध्याकाळचा पुरवठा सुरू झाला तसा पद्मजाच्या अंगणातल्या नळाने आधी नुसती हवा ओकली, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ धार. विश्वनाथने सरळ डोकंच त्याखाली धरलं. पद्मजाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

“नल बंद कर! मेरे यहाँ धार आधी रह गई.”

पद्मजाने घाईघाईने नळ बंद केला. “सॉरी, बीजी. एक ही लाइन है ना.”

“सॉरी क्या करना है. सुबह खोलने से पहले मुझे आवाज़ दे दिया कर. मैं पहले भर लूँगी.”

“रोज़?”

भिंतीपलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“रोज़,” बीजी म्हणाल्या. “और जवाब न आए, तो अंदर आकर देख लेना.”