सहावी खोली

व्हिसाच्या फोटोत कान दिसत नाहीत म्हणून तिने तिसऱ्या मुलीला परत पाठवलं आणि यादीत तिच्यापुढे फुली मारली.

बिझनेस शाखेचा परदेशातला अभ्यासदौरा दीड महिन्यावर आला होता. तिकडे कारखाने, बंदर, एक बँक बघायची. इकडची सगळी धावपळ मात्र तिच्या एकटीच्या गळ्यात. वर्ग तिला ‘मुनीमजी’ म्हणे. विमा असो, पासपोर्टच्या प्रती असोत, की तिकडे कुठला प्लग चालतो ही शंका असो, अडलं की मुनीमजी. काम झालं की जो तो आपल्या वाटेने. होस्टेलच्या एकटीच्या खोलीत तिने दोन वर्षं काढली होती. या दौऱ्यात तिला बाकी काही नको होतं, रात्री दिवा मालवल्यावर बोलायला कोणी तरी हवं होतं.

मुली अकरा, हॉटेलच्या खोल्या सहा. गेल्या वर्षी जोड्यांवरून रुसवेफुगवे झाले होते, म्हणून यंदा मॅडमनी फर्मान काढलं. प्रत्येकीने हवी ती सोबतीण चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात द्यायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

तिने चार वेळा पेन उचललं. आपण एखादीचं नाव लिहायचं आणि तिने नाक मुरडायचं, ही कल्पनाच तिला सोसेना. शेवटी तिने कोरी चिठ्ठी पाकिटात घातली. आपण कोणाला हव्या असू तर ती लिहीलच.

त्यानंतर ती आली की मुली बोलता बोलता गप्प होऊ लागल्या. एकीने तर तिला पाहून चक्क हवापाण्याचा विषय काढला. काय समजायचं ते ती समजली.

शुक्रवारी यादी लागली. सहाव्या खोलीपुढे तिचं एकटीचं नाव होतं. इतरांची नावं नीट लिहिलीत ना, हे तपासत असल्यासारखी ती तिथे उभी राहिली आणि मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

सोमवारी ती मॅडमसमोर उभी होती.

“मला नाही जमायचं यायला. आईची तब्येत बरी नाही.”

आई ठणठणीत होती. मॅडमनी दोनदा खोदून विचारलं, मग नाइलाजाने ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. पाच मिनिटांत तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला गेली. सुटले एकदाची असं वाटेल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण तसं काही वाटलं नाही.

मॅडमनी फोन खाली ठेवला.

“आता त्या सात जणींना मी काय सांगू?”

“कुठल्या सात?”

“तुझं नाव लिहिणाऱ्या. एकीला तू मिळाली असतीस तर सहा जणी रुसल्या असत्या. त्यात तुझी चिठ्ठी कोरी. म्हटलं, एवढी राबते पोर, तिला जरा एकटीला राहायचं असेल.”