चौथा ब्रश

सकाळच्या शांततेत बॅगेची चेन खर्रकन वाजली. पंधरा दिवस गिऱ्हाइकाच्या गोदामात नवं सॉफ्टवेअर बसवून मी कालच परतले होते. अंग अजून आंबलेलं होतं. दात घासून हॉटेलातल्या सवयीनं ब्रश परत बॅगेत टाकून मीच चेन लावली होती. आवाजासरशी लेक धावत आली. “चाललीस?” “नाही गं राणी, घरीच आहे.” तिनं बेसिनवरच्या ग्लासाकडे बोट दाखवलं. “आजीचा, बाबाचा, माझा. तुझा कुठाय?” चहा गाळता गाळता सासूबाई हसल्या. “काय सूनबाई, हॉटेलची खोली सोडायची वेळ झाली वाटतं?” ओशाळून मी ब्रश काढून लेकीच्या हाती दिला. तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला, “सोमवारी पुन्हा निघायचंय, तिकडे सगळं अडलंय.” फोन पालथा ठेवून मी भिंतीला टेकले. लेकीनं माझा ब्रश आपल्या ब्रशाला खेटून उभा केला आणि विचारलं, “आई, हा इथेच राहणार ना?”