तिकडचा खाऊ

"आधी खारट, मग गोड," तो चकती चावत म्हणाला. "आणि शेवटी कसलातरी धुरकट वास."

"बरं," मोबाईलच्या पडद्यावरून आई म्हणाली. "जरा उजेडात ये. मामांना दिसत नाहीयेस."

मामा म्हणजे त्याचे नव्हेत, धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाचे. मुलगा कोपऱ्यात लाजून बसला होता. बोलण्याचं काम मामांनीच अंगावर घेतलं होतं.

दर रविवारचा हा शिरस्ता. फोन लावण्याआधी तो खिडकीचा पडदा ओढायचा, दिवा लावायचा, स्वेटर चढवायचा आणि खाऊचं नवं पाकीट समोर ठेवायचा. कामाला तो मालाच्या गोदामात होता. चुरा झालेली पाकिटं कामगारांनी घरी न्यावीत, एवढी मुभा होती. त्यांवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, एक शब्द वाचता येत नसे. पाठीवर चिकटवलेलं, बारीक अक्षरात पत्ता छापलेलं पांढरं लेबल मात्र तो नखाने खरवडून काढायचा. एकदा ते राहून गेलं, तर आई चष्मा लावून पडद्यात शिरल्यासारखी बघत बसली होती.

आईला या खाऊची भारी हौस. तिकडचे लोक काय खातात, कशाबरोबर खातात, हाताला तेल लागतं का, सगळं ऐकून घ्यायची आणि गल्लीभर सांगत सुटायची. दोन वर्षांपूर्वी विमानतळाच्या दाराशी तिने त्याचा हात सोडला, तेव्हापासून घर म्हणजे त्याच्यासाठी हा वीतभर पडदा. सुरुवातीला ती प्रश्नांनी जीव नकोसा करायची. एजंट नीट वागला का, राहायची सोय कशी आहे, एकदा खोली तरी दाखव. तो विषय बदलायचा. हल्ली ती नुसतं "बरं" म्हणायची. त्यालाही ते सोयीचं होतं.

खरं तर त्याला कशाचीच चव लागत नसे. जिभेवर पुठ्ठा ठेवल्यासारखं वाटायचं. खारट की गोड, हे तो पाकिटावरच्या चित्रावरून ठरवायचा. घरची आठवण येते का, असं कुणी विचारलं असतं तर तेही त्याला धड सांगता आलं नसतं. आत सगळं बधिर झालं होतं.

आज मात्र बधिर राहून चालणार नव्हतं. बहिणीचं लग्न त्याच्यापाशी येऊन अडलं होतं. मामांनी निरोपच धाडला होता, "मुलीला वडील नाहीत. निदान भाऊ सांगतात तसा आहे का, ते डोळ्यांनी बघू. मागच्या स्थळाला आम्ही फसलोय." बहिणीला मुलगा मनापासून आवडला होता. काल तिचा मेसेज आला होता: दादा, उद्या नीट बोल. पाया पडते तुझ्या.

"थंडी किती हो तिकडे?" मामांनी विचारलं.

"आहे की बरीच."

"मग घाम कसला आलाय?"

"हीटर जरा जास्त झालाय," तो कपाळ पुसत म्हणाला.

"लहानपणापासून घामटच आहे तो," आई म्हणाली. "शाळेतून यायचा तेव्हा शर्ट पिळून घ्यावा लागायचा."

मामा हसले. बहीण मान खाली घालून बसली होती.

"आणि असलं खाणं पोटाला सोसतं?"

"सवय झाली आता."

"झाली ना? झालं तर मग. बायको तेवढी तिकडची करू नका." स्वतःच्या विनोदावर मामा पुन्हा हसले आणि पुढे सरकले. "आता जरा खिडकीतून रस्ता दाखवा बघू. आमची दुपार ती तुमची रात्र, हे नुसतं ऐकून माहीत. एकदा बघू तर द्या."

"अंधार आहे. काही दिसायचं नाही."

"अहो, रस्त्यावर दिवे असतील की! परदेश आहे तो."

नाही म्हणायला काही जागाच उरली नव्हती. तो उठला. चार पावलांच्या खोलीत जितकं सावकाश चालता येईल तितकं चालला. त्याने पडद्याला हात घातला, आणि खोलीतला दिवा गेला.

पडद्याच्या कडेने उन्हाची तिरीप थेट त्याच्या मनगटावर पडली. त्याने झटकन मोबाईल छातीशी पालथा धरला. आता फक्त आवाज येत होते.

"अरे, काळोख झाला की!" मामा म्हणाले. "आणि आपलाही पंखा थांबला."

कुणाच्यातरी हातातली कपबशी वाजली. बहिणीचीच असणार. आता ठरत आलेलं मोडणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला भीती वाटली.

"आपल्याकडची मेली रोजच जाते," आईचा आवाज अगदी शांत होता. "आणि तिकडे रात्री ठरल्या वेळेला दिवे बंद करतात. नियम म्हणजे नियम. दर रविवारी सांगत असतो मला."

त्याने असं कधीच काही सांगितलं नव्हतं.

"शिस्त आहे बाकी," मामा म्हणाले. "आपल्याकडे कोण ऐकणार? बरं का ताई, आमच्याकडून होकार समजा. मुलगा सरळ दिसतोय तुमचा."

बहिणीने रोखून धरलेला श्वास सोडला, तो त्याला इथे ऐकू आला.

"चहा टाकते," आई म्हणाली. मग तिची पावलं, भांड्यांचा आवाज आणि स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज. फोन तिच्या हातातच होता.

"आहेस ना?" ती कुजबुजली.

"हो."

"मग स्वेटर काढ आणि खिडकी उघड, उकडेल तुला. अख्ख्या शहराची लाइट गेलीये, तासभर तरी येणार नाही."