पावलांचा समाजाला उपयोग

“ते सगळं ठीक आहे हो बाई, पण समाजाला याचा उपयोग काय?” मोजणीसाहेबांनी विचारलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

या प्रश्नापुढे आजवर भल्याभल्यांची बोबडी वळली होती. कुठल्या संशोधनाची समाजाला किती गरज आहे हे मोजण्याचं एक खातं होतं आणि साहेब त्या खात्याचे प्रमुख होते. मोजायची रीतही त्यांनीच बसवली होती. या शोधाची वाट बघणारी माणसं किती? लाखांत असली तर प्रयोगशाळेला नवी इमारत. हजारांत असली तर आहे ते चालू. त्याखाली कुलूप. बेडकांच्या झोपेवर हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी नुकतंच घरी पाठवलं होतं. एकाही बेडकाने तक्रार केली नव्हती.

समोरच्या बाईंना सगळी संस्था पावलंबाई म्हणे. माणसाची पावलं कशी वाजतात, हा त्यांचा विषय. लोक चंद्रावर जाऊन आले, बाई व्हरांड्यातच राहिल्या, असं चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं. बाईंच्या कानावर ते आलं होतं. कोण म्हणालं तेही त्यांना ठाऊक होतं. तो टाचा आपटत चालायचा.

आज साहेबांनी नकाराचा शेरा मारला, तर बाईंची ही प्रयोगाची खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला जाणार होती आणि साठवलेले सगळे आवाज पुसले जाणार होते.

“अडचण अशी होती साहेब,” बाई म्हणाल्या, “की माणसाला ‘नेहमीसारखं चाला’ म्हटलं, की तो चालायचंच विसरतो. कुणी नवरदेवासारखा चालतो, कुणी चोरासारखा. शेवटी ही फळ्यांची वाट केली, खाली आवाज टिपणारी यंत्रं बसवली, आणि त्या टोकाच्या खुर्चीत ज्याचं त्याचं घरचं माणूस आणून बसवलं. म्हटलं, जा त्यांच्याकडे. मग बरोब्बर चालले सगळे.”

“आणि शोध काय लागला?”

“आपल्या माणसाकडे जाताना शेवटची पावलं घाई करतात.”

“अहो, हे कुणीही सांगेल! माझ्या घरीसुद्धा...” साहेब म्हणाले आणि थांबले.

त्यांच्या घरी हिवाळ्यापासून त्यांच्याशिवाय कुणाचीच पावलं वाजत नव्हती. बायको गेल्यावर शेजाऱ्यांनी सल्ला दिला, रेडिओ लावून ठेवत जा, सोबत होते. साहेब लावत. रेडिओ बोलायचा पुष्कळ, पण या खोलीतून त्या खोलीत जायचा नाही.

“पुढचं ऐका ना,” बाई म्हणाल्या. “खुर्चीतल्या माणसाने मान वर करून पाहिलं नाही, तर तीच पावलं मंदावतात. आयांची, पोरांची, नव्या नवऱ्यांची, सगळ्यांची. आजवर एकच अपवाद सापडलाय. फार जुना आहे.”

त्यांनी बटण दाबलं.

फळ्यांवर चपला वाजल्या. डावी चप्पल जराशी घासत होती. साहेबांचं पेन हवेतच राहिलं. ‘अगं, पाय उचलून टाकत जा, जमीन झिजेल एखाद्या दिवशी,’ हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकवलं होतं. किती चपला बदलल्या, घासणं तेच राहिलं. पावलं जवळ येत गेली. मध्येच कागद उलटल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा खाकरला. पावलं घाईला आली, अगदी समोर येऊन थांबली. पुढे काही नव्हतं.

“हे... खाकरलं कोण?”

विचारायची खरं तर गरज नव्हती. ते खाकरणं साहेबांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

“खुर्चीतला गृहस्थ. कुठल्याशा कचेरीत नवा चिकटला होता. कामाचे कागद घेऊनच बसला बेटा, एकदाही मान वर केली नाही. चेहरा काही आठवत नाही मला, चेहरे राहतच नाहीत लक्षात. आणि तो बसूनच होता, त्यामुळे त्याची पावलं आमच्याकडे नाहीत.” बाई हसल्या. “पण ती बघा! त्याने ढुंकून पाहिलं नाही, तरी हिचं पाऊल मंदावलं नाही. अशी दुसरी मिळाली नाही साहेब. का मंदावलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर काम चालू ठेवायचंय.”

साहेबांना पुसट आठवू लागलं. रस्त्यात कुणी एक बाई गळ घालत होती, चला, पाच मिनिटांचं काम आहे. बायकोला गंमत वाटली होती. आपल्याला मात्र त्या दिवशी फार म्हणजे फारच महत्त्वाचं काम होतं. कुठलं, ते काही केल्या आठवेना.

“पुन्हा लावा,” ते म्हणाले.

या वेळी त्यांनी हातातले कागद खाली ठेवले, चष्मा नीट केला आणि फळ्यांच्या वाटेकडे बघत राहिले. फळ्या रिकाम्या होत्या. चप्पल घासत आली, घाईला आली, थांबली.

“पुन्हा.”

बाईंनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. शेवटी त्यांचाच धीर सुटला.

“साहेब, टांगणीला नका ठेवू. वाट बघणारे किती, तो आकडा एकदाचा घाला. कुलूपच लावायचं असेल तर मी आवरायला घेते.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

“बाई,” ते म्हणाले, “समाज म्हणायला कमीत कमी किती माणसं लागतात हो?”