वरच्या मजल्याचा शॉर्टकट

धाकट्या सुनेच्या लॅपटॉपवर रोज सकाळी एक शॉर्टकट हटकून उगवायचा, वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंच्या कॉम्प्युटरचा. तिने तो दहा वेळा डिलीट केला, दहा वेळा तो परत आला. त्याच लॅपटॉपमध्ये भाड्याच्या घरांचे फोटो होते आणि 'आम्ही वेगळं राहायचं म्हणतोय' असं सासऱ्यांना लिहिलेलं, अजून न दिलेलं पत्रही. हल्ली जाऊबाई जिन्यात भेटल्या की जरा जास्तच गोड हसायच्या आणि ही घाईने आत येऊन लॅपटॉप मिटून टाकायची.

शेवटी तिने लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, वरून कुणीतरी माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावतंय. हे एकदाचं काढून टाका."

तो हसला. "उलटं आहे, ताई. दोन्ही मजल्यांना वाय-फाय एकच. वरच्या वहिनींचं फोल्डर चुकून सगळ्यांना उघडं राहिलंय, म्हणून ते इथे दिसतं. तुम्हालाच त्यांच्यात डोकावता येतं. सेटिंगमधली एक खूण काढली की गेलं."

त्याचा हात माऊसकडे जाताच तिने लॅपटॉप झटकन आपल्याकडे ओढला. "असं होय! मग राहू द्या हो बिचारं. काय खायला मागतंय का?"

"जशी तुमची मर्जी," तो पिशवी उचलत म्हणाला.



दारात पोचून तो वळला. "मागच्या आठवड्यात वरच्या वहिनींनी त्यांच्याकडे दिसणारा तुमचा शॉर्टकट काढायला मला बोलावलं होतं. त्याही अगदी हेच म्हणाल्या."