शेवाळाचं इंधन

विमानांच्या टाक्यांत आता जिवंत शेवाळाचं इंधन असे. लडाखवरच्या थंडीत ते घट्ट झालं, गाळणी तुंबली आणि रुग्णविमानाचं एक इंजिन बंद पडलं. दुसरंही आचके देऊ लागलं.

"केबिनची गरम हवा टाकीकडे वळवते," वैमानिक मृण्मयी म्हणाली.

"मॅडम, सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आहे मागे. गारठेल ते!" नर्स ओरडली.

"नाहीतर सगळेच जाऊ."

मृण्मयीने झडप फिरवली. बाळाच्या आईने, रेवतीने, त्याला उघड्या छातीशी कवटाळलं. केबिन बर्फासारखी थंड पडली. अखेर इंधन पातळ झालं आणि दोन्ही इंजिनं गरजली.

"रडतंय का?" मृण्मयीने विचारलं.

त्या गर्जनेत काहीच ऐकू येईना. रेवतीने बाळाच्या नाकापाशी गाल नेला आणि तशीच थांबली.

"श्वास जाणवतोय," ती हुंदका देत ओरडली.